चाचांची ड्रमातली मोटर

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राच्या वस्तूवर इतकी निष्ठा ठेवणारा माणूस या देशात दुसरा नाही. असलाच तर त्याने पुढे यावं, मी त्याच्याही पाया पडेन. माझ्या मित्राचे वडील अचलपूरला राहतात. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांचं आयुष्य बसच्या वर्कशॉपमध्ये गेलं. निवृत्त झाल्यावर माणसं शेतीकडे वळतात, नातवंडांकडे वळतात. चाचा होडीच्या जुन्या मोटरींकडे वळले. होडीच्या मागच्या फळीला अडकवतात ती मोटर: वर इंजिन, मधे बगळ्याच्या पायासारखी लांब दांडी आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा. अचलपुरात बगळे भरपूर आहेत. होडी एकही नाही.

पहिली मोटर त्यांना अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे दिसली. ते गेले होते चाचींच्या मिक्सरच्या पार्टासाठी. तो मिक्सर आजही बंद आहे. चाचा मोटर मांडीवर घेऊन बसमध्ये बसले, तेव्हा कंडक्टरने विचारलं, "चाचा, हे काय घेऊन चालले?"

"नावेची मोटर."

"अन् नाव?"

"नाव भेटन."

"अन् पानी?"

चाचा खिडकीबाहेरच्या कोरड्या नाल्याकडे बघत म्हणाले, "तू तिकीट फाड बावा. पान्याचं वरवाला पाहीन."

अशी जुनी मोटर पुन्हा चालती करणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याने क्रांतीवर बोलू नये, असं माझं आता ठाम मत आहे. मी लहानपणापासून पत्रकं वाचत आणि वाटत मोठा झालो. एका धडकेत सगळं उलथून टाकायचं, एवढंच मला शिकवलेलं. चाचांची ही मोटर त्यांच्यापेक्षा वयाने मोठी. कुठल्यातरी खाऱ्या पाण्यात तिची हयात गेलेली. तिचे बोल्ट आणि त्यांची भोकं आता एकजीव झाली होती. चाचा रोज संध्याकाळी एकेका बोल्टच्या मुळाशी रॉकेल आणि तेलाचा एक थेंब सोडत, सकाळी पान्याने हळूच विचारत, आणि तो नाही म्हणाला की पाना खाली ठेवत. एका बोल्टने दिवाळी ते होळी घेतली. एकदा ते नमाजाला गेले असताना मी त्याच्या शेजारच्या बोल्टवर माझी विचारसरणी चालवली. तो कटकन तुटला. चाचा परत आले, तुटका तुकडा बघितला आणि चाचींना दोन चहा टाकायला सांगितले. रागावले नाहीत. "बोल्ट रागावला तुह्यावर," ते म्हणाले, "आता मी काहून रागावू?" आत अडकलेला तुकडा बारीक ड्रिलने कोरून काढायला त्यांना आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी एकही पत्रक लिहिलं नाही.

पार्ट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी एक रबरी चक्री असते. ती दगडासारखी कडक झालेली. चाचांनी टायर कापून चक्री केली, ती वितळली. ट्यूबची केली, ती दुमडली. शेवटी जे रबर जमलं ते चाचींच्या नव्या चपलेचं निघालं. चाची आल्यागेल्याला सांगायच्या, "बाकी लोगां हज को जाते. मेरी चप्पल समंदर को गई."

चाचणीसाठी अंगणात पाण्याचा ड्रम. आमच्याकडे नळ आठवड्याला येतो, त्यामुळे तेच पाणी महिनोन्महिने. दोरी ओढायची, मोटर खोकायची, काळं पाणी चाचींच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर, आणि पुन्हा सगळं खोलायचं. अशी ती किती वेळा खोलली, हे चाचांनी मला मोजू दिलं नाही.

मग अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की चाचांचा उजवा कान गेला आणि डावाही जातोय. इतकी वर्षं इंजिनांमध्ये गेली होती. कानात घालायचं यंत्र त्यांनी एक दिवस वापरलं. "मशीन कानात घातली तं मशीनच आयकू येते," म्हणाले. त्यांना घाई झालेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. "ड्रमात ते मोटर भांडून राहिली रे. कोंडलेलं कोनीबी भांडते. खुल्या पान्यात काय म्हनते, तेवढं मले आयकू दे."

आम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणावर गेलो. तिथे मासे धरणाऱ्या एका भोईदादाने आपली होडी दिली. चाचांनी एक पाय होडीत ठेवला, होडी हलली, आणि त्यांनी पाय परत घेतला. "मी सडकेचा मानूस," ते म्हणाले. शिवाय गाडी दुरुस्त करून सोडली की वर्कशॉपच्या फाटकात उभं राहून ती वळणापर्यंत ऐकायची, ही त्यांची जन्माची रीत. जवळ सगळ्याच गाड्या चांगल्या बोलतात. खरी गाडी लांब गेल्यावर कळते.

भोईदादाने दोरी ओढली. मोटर सुरू झाली, दहा-वीस हात गेली आणि बंद पडली. तीनदा तसंच. चाचांची बोटं हवेत एकेक पार्ट खोलत होती. मग माझ्याकडे वळून विचारलं, "टाकीच्या झाकनाचा हवेचा स्क्रू?" प्रवासात पेट्रोल सांडू नये म्हणून तो मीच गच्च आवळला होता. "सोडा त्याले!" चाचा होडीकडे तोंड करून ओरडले. "श्वास घेऊ द्या तिले!"

चौथ्या वेळी मोटर निघाली ती निघालीच. भांडत नव्हती. मला त्या आवाजाला शब्द सापडला नाही, अजूनही सापडत नाही. चाचांनी डोळे मिटले आणि डाव्या कानामागे हात धरला. होडी पाण्याच्या मधोमधच्या खडकापर्यंत गेली असेल, तेव्हा त्यांनी विचारलं, "चालू हाय?"

"चालू हाय, चाचा."

"आता?"

"चालू हाय."

होडी पलीकडच्या टेकडीखाली बारीक होत गेली. मलाही आता काही ऐकू येत नव्हतं. पाण्यावर एक पांढरी रेघ तेवढी लांबत चालली होती.

"अन् आता?"

"चालू हाय," मी म्हणालो. "दिसून राहिली, चाचा."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात मात्र कानामागून हळूच खाली घेतला.