भिंगरीला दिलेली खुर्ची

तिला भिंगरी हे नाव शिंपीमास्तरांनी दिलं, आणि तेही तोंडात टाचण्या धरून. ओठांत सात-आठ टाचण्या असल्या की माणसाच्या तोंडून भ, म, प काही फुटत नाही. त्यामुळे शहरातल्या पहिल्यावहिल्या फॅशन वीकच्या सकाळी, कापड व्यापाऱ्यांच्या गोदामात मास्तर ओरडले ते असं : "ए इंगरी! एका जागी उही राहा की!" सगळ्या हसल्या. मास्तरांनी टाचण्या तळहातावर काढल्या, नाव नीट उच्चारून दाखवलं, टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव आता फक्त मतदार यादीत सापडतं.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि काजं-बटणं करायला आली होती. वीक कसला, तीन दिवसांचा मामला. एका टोकाला इस्त्रीचं टेबल, मध्ये चादरींचा पडदा, पलीकडे घडीच्या खुर्च्यांवर घाऊक खरेदी करणारी मंडळी. मॉडेल चार. एका व्यापाऱ्याची सून, दोघी भाच्या, आणि ह्या तिघींची उंची कमी पडते म्हणून शाळेतली कसरतीची बाई. प्रत्येकीच्या हातात कपड्याचा नंबर लिहिलेला पुठ्ठा. पुढच्या रांगेतले काका चष्मा वर सारून म्हणायचे, "थांब गं बाळ, जरा कापड चाचपू दे." मग बोटांत चुरगाळून, "हं. हो पुढे." कसरतीची बाई मात्र थांबायची नाही. ती टोकापर्यंत ताड ताड जायची, टाच आपटून वळायची आणि ताड ताड परत यायची. काकांचा हात हवेत.

चार मुली आणि साठ कपडे! म्हणजे एक आत आली की पंचवीस सेकंदांत दुसऱ्या कपड्यात बाहेर. बाकीच्या बायकांच्या नाकी नऊ आले. भिंगरीला मात्र त्या पडद्यामागे जे झालं, ते तिला आजवर कुठेच झालं नव्हतं. शाळेत ती बाकावर चुळबुळायची, घरी जेवता जेवता तीनदा उठायची. आई म्हणायची, "हिच्या बुडाखाली काय निखारे आहेत का?" आणि इथे तीच चुळबूळ कामाला आली. एका हाताने चेन खाली, दुसऱ्याने पुढचा झगा डोक्यातून, पायाने बूट पुढे सरकवायचा, दातांनी दोरा तोडायचा, पाठीवर थाप मारायची : "पळ!" तिसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला स्वतंत्र रॅक दिला. चाकं लावलेला लोखंडी दांडा, त्यावर पंधरा कपडे. "हा तुझा," म्हणाले. त्या दिवशी तोंडात टाचण्या नव्हत्या.

लग्न तिने घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशी केलं. बंद पडलेलं घड्याळ घेऊन ती त्याच्या दुकानात गेली. तो म्हणाला, "बसा ना." ती म्हणाली, "नको, उभीच बरी." अर्धा तास ती दुकानात येरझाऱ्या घालत होती. तो डोळ्याला भिंग लावून दहा-दहा तास ढिम्म बसणारा माणूस. त्याने आयुष्यात एवढी हालचाल जवळून पाहिली नव्हती. पुढे एकदा त्याने पडद्यामागे येऊन तिचं काम स्टॉपवॉचवर मोजलं. "एकोणीस सेकंद," तो म्हणाला आणि घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे ना म्हणून.

फॅशन वीक मोठा होत गेला. सहाव्या वर्षी गोदामातून हॉटेलच्या हॉलमध्ये गेला. पुठ्ठ्याचे नंबर गेले, निवेदक आला. "आणि आता... सादर आहे... संध्याकाळची... कुजबुज!" कुजबुज म्हणजे काळा स्कर्ट. दहाव्या वर्षी छायाचित्रकार आले आणि कापड चाचपणारे काका मागच्या रांगेत गेले. पुढे तंबू आला, तंबूत धूर सोडायचं यंत्र आलं, धुराने मास्तरांना खोकला आला. मास्तर गेले त्या वर्षी फॅशन वीक पहिल्यांदा टीव्हीवर दिसला. मग शहराबाहेर काचेचं प्रदर्शन केंद्र उभं राहिलं, आणि मनगटाला पट्टी बांधल्याशिवाय कुणाला आत सोडेनात. पुढच्या रांगेतली माणसं आता मुलींकडे बघतच नाहीत. हातातल्या फोनमध्ये बघतात, आणि बघता बघता तिथल्या तिथे विकतही घेतात. कापड कुणी चाचपत नाही.

भिंगरीला ह्यातल्या कशाचंच काही वाटलं नाही. खटकली ती एकच गोष्ट, आणि ती हळूहळू घडली. मॉडेल वाढल्या. आधी आठ, मग पंधरा, मग तीस. तीस मुली आणि तीस कपडे म्हटल्यावर बदलायचं काय? मुलगी एकदा तयार झाली की रांगेत उभी. पंचवीस सेकंदांची झुंज संपली. शिवाय आता एजन्सीच्या बायका आल्या होत्या. पांढरे हातमोजे घातलेल्या, रॅकला लटकवलेला फोटो बघून तसंच्या तसं नेसवणाऱ्या. काही चुकलं तर नुकसान एजन्सी भरून देणार, असा करार होता.

आणि पस्तिसाव्या वर्षी तो फोन आला.

फोन कंट्रोलचा होता. शोची सगळी सूत्रं हलवणारी ही बाई, म्हणून सगळे तिला कंट्रोलच म्हणत. कानात यंत्र, गालाजवळ माइक, आणि समोर माणूस असला तरी त्या माइकमध्येच बोलणार. "ताई, ऐका, ओके? बेसिकली आम्ही तुमचा सन्मान करतोय. ओके? पस्तीस वर्षं म्हणजे... वॉव. तर ह्या वर्षी नो रॅक. तुम्ही ज्येष्ठ सल्लागार. तुम्हाला खुर्ची! गादीवाली. ओके?"

"आणि करायचं काय?"

"काहीच नाही!" कंट्रोल अगदी आनंदाने म्हणाली. "फक्त कपड्यांना हात नाही लावायचा. कराराचं आहे ते. ओके? ओके."

रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी चहा ढवळता ढवळता तिने कपात वादळ उठवलं.

"खुर्चीच दिलीय," नवरा म्हणाला. "फाशी नाही दिलेली."

"तुम्हाला काय कळणार? तुम्ही जन्मलात तेच बसून."

"मग नाही म्हण."

"नाही म्हटलं तर दारच बंद होईल. खुर्ची तर खुर्ची, निदान आत तरी जाते. एकदा आत गेले की रॅक मागून घेईन. ह्या वर्षी मिळाला तर मिळाला, नाहीतर संपलंच." तिने चहा उभ्यानेच संपवला.

खुर्ची खरोखर गादीवाली होती. पाठीवर पाटी : ज्येष्ठ सल्लागार. भिंगरीच्या गळ्यात तसंच ओळखपत्र. खुर्ची पडद्यामागच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांशेजारी ठेवली होती. येणारे-जाणारे वाकून म्हणायचे, "अरे वा, ताई! बसा, बसा!" पहिल्या तासात भिंगरी चौदा वेळा उठली. प्रत्येक वेळी एजन्सीची प्रमुख, हातमोज्यांतली उंच बाई, गोड आवाजात म्हणायची, "काही हवंय का? आम्ही देतो ना." म्हणजे बस खाली. भिंगरीने मांडीखाली हात दाबून धरले. तरी ते शिवशिवायचे थांबेनात. समोर अठ्ठावीस रॅक, प्रत्येकावर एकेकच कपडा. गुळगुळीत रेशमाचे लांब झगे. बटण नाही, चेन नाही, नुसते गुंडाळून बंदांनी बांधायचे. असे झगे तिने आयुष्यात किती बांधले असतील त्याला गणती नाही, आणि आता त्यांच्यापासून दहा पावलांवर ती फुलदाणीसारखी बसली होती.

कंट्रोल जवळून गेली तेव्हा तिने तिची बाही धरली. "एक रॅक दे गं मला. शेवटचा, कोपऱ्यातला चालेल."

"ताई, प्लीज, ओके? शोनंतर बोलू." आणि माइकमध्ये, "दहा मिनिटं! दहा!"

मुली रांगेत उभ्या राहू लागल्या. पहिली मुलगी भिंगरीच्या खुर्चीसमोरच येऊन थांबली. भिंगरीची नजर सवयीने तिच्या कमरेवर गेली आणि तिथेच अडकली. झग्याच्या कुशीच्या शिवणीत बोटभर फट होती. आतला बंद त्या फटीतून बाहेर काढून कमरेभोवती घ्यायचा असतो, म्हणजे पूर्ण झगा त्यावर तोलला जातो. इथे फट रिकामी होती. पोटाशी आत चोळामोळा होऊन बंदाचा फुगवटा आला होता. भिंगरीने दुसरीची कंबर बघितली. रिकामी. तिसरीची बघितली. रिकामी.

सगळ्यांचे झगे उलट्या बाजूने गुंडाळले होते. आणि रेशीम असलं गुळगुळीत की दहाव्या पावलाला वरची गाठ सैल होणार आणि पुढच्या रांगेतल्या दोनशे फोनांसमोर झगा उघडणार.

ती उठली. उंच बाई आडवी आली. "काही हवंय का?"

"झगे उलटे बांधलेत."

"शक्यच नाही," बाई म्हणाली. "फोटोप्रमाणे बांधलेत. बघा." आणि खरंच, फोटोतल्या मुलीचा झगा हुबेहूब तसाच, डावी बाजू वर. बाईच्या आवाजातली गोडी आटली होती. "ताई, जुन्या काळची पद्धत वेगळी असेल. आता डिझाइन असं असतं. तुम्ही बसून घ्या."

तोंडात मारल्यासारखं झालं. क्षणभर भिंगरीला स्वतःचीच शंका आली. खरंच काळ मागे टाकून गेला की काय? पण फट तर फट आहे, ती कुणी उगाच ठेवत नाही. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. मुलीच्या मागे एक दार होतं. दारावर पाटी होती.

"कंट्रोल!" तिने अशी हाक मारली की धुराच्या यंत्रापाशी बसलेला माणूसही उभा राहिला. कंट्रोल धावत आली. "सात मिनिटं, ताई, सात! काय?"

"ही पाटी वाच."

"काय वाचू? र... हे उलटं..." कंट्रोल थांबली. पाटीवर बाहेर असं लिहिलं होतं, आणि अक्षरं सगळी उलटी होती.

"आरशातले फोटो आहेत हे," भिंगरी म्हणाली. "ज्याने कुणी काढलेत त्याने मुलीला आरशासमोर उभं करून आरशाचा काढलाय. उजवं सगळं डावं झालंय. आणि ह्यांनी इमानेइतबारे तसंच बांधलंय."

उंच बाईने फोटो हिसकावून घेतला आणि पाटी पुन्हा बघितली. कंट्रोलने माइक गालापासून दूर सारला. पहिल्यांदाच ती भिंगरीकडे बघून बोलली. "अठ्ठावीस आहेत, ताई."

"माहितीये मला, सकाळपासून तेच मोजतेय."

मग पुढची सहा मिनिटं भिंगरीने करार, सन्मान, गादी सगळं पायदळी तुडवलं. "मोजे काढा! मोज्यांनी रेशीम धरवत नाही. सगळ्यांनी गाठी सोडा. आतला बंद फटीतून! ओढा! उजवी बाजू वर. वरचा बंद मागून, पुढे, गाठ. पुढची! फटीतून, ओढा, उजवी वर, मागून, पुढे, गाठ. अगं पोट आत घे बाळ, जेवायचं नंतर. पुढची!" एजन्सीच्या बायका आधी बावरल्या, मग तिच्या तालावर आल्या. उंच बाईसुद्धा मोजे दातांत धरून गाठी मारत होती. एकट्या भिंगरीने अकरा झगे बांधले. शेवटच्या मुलीच्या पाठीवर थाप मारून ती ओरडली, "पळ!" ती मुलगी खरंच पळाली.

एकही झगा सुटला नाही. पलीकडे टाळ्या झाल्या. भिंगरी धापा टाकत होती, केस सुटले होते, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं.

कंट्रोलने येऊन तिला मिठीच मारली. "ताई, लेजंड! बेसिकली हेच! ह्याचसाठी तर तुम्ही हव्यात. पुढच्या वर्षी खुर्ची ह्या कोपऱ्यात नाही. दारापाशी, मध्यभागी! उंच! फिरती! तुम्हाला सगळं दिसलं पाहिजे, ओके?"

"खुर्ची नको. रॅक दे."

"ताई, रॅक काय, कुणीही सांभाळेल. तुमची नजर..."

"माझी नजर बोटांत आहे गं." भिंगरीने धाप आवरली. "मला लांबून दिसलं ते शोच्या सात मिनिटं आधी. एक झगा सकाळी हातात दिला असतास तर सकाळीच सांगितलं असतं."

कंट्रोलला पटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण मग ती हळूच म्हणाली, "करार पाच वर्षांचा आहे, ताई. रॅक नाही देता येणार. मी खोटं कशाला बोलू? खुर्ची देते. तेवढंच माझ्या हातात आहे."

"बरं झालं खरं बोललीस," भिंगरी म्हणाली. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून कंट्रोलच्या हातात ठेवलं, तिच्या माइकची सुटलेली वायर जाता जाता कॉलरमागे नीट खोचून दिली, आणि निघाली.

मागच्या जिन्याने ती खाली उतरली तर तळघरातल्या गाड्यांच्या जागेत गलका चालला होता. मोठ्या हॉलचं भाडं न परवडणाऱ्या चार-पाच जणांनी खांबांमध्ये दोऱ्या बांधून, त्यांवर चादरी टाकून स्वतःचाच शो मांडला होता. पलीकडे उलट्या क्रेटवर बसलेली पन्नासेक माणसं. अलीकडे मॉडेल पाच आणि कपडे ढीगभर. एक दाढीवाला डिझायनर, दोन्ही हातांत दोन झगे आणि तोंडात टाचण्या धरून, कुणाला तरी काही तरी ओरडून सांगत होता. कुणालाच काही कळत नव्हतं.

"हिची आठ हुकं लावायची राहिलीत म्हणतोय तो," भिंगरी म्हणाली.

दाढीवाल्याने टाचण्या हातात थुंकल्या. "तुम्ही कोण?"

"कपडे चढवते."

"कुणी पाठवलं? आणि आमच्याकडे बसायलासुद्धा जागा नाहीये हो, आधीच सांगतो."

ते ऐकायला ती थांबलीच नव्हती. बाहेरून पहिली मुलगी धावत येत होती, तिला पंचवीस सेकंद होते, आणि भिंगरी बाह्या सारून तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली होती. "हात वर कर बाळ," ती म्हणाली. "बूट मी बघते."