मामाच्या पांढऱ्या गाडीवरचे आठ दिवस

नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी चार वर्षं गाड्या नुसत्या घासल्या. पुट्टी भरायची, पाणी मारून पॉलिश पेपरनं घासायची आणि बाजूला व्हायचं. रंगाची गन उस्ताद कोणाच्या हाती देत नसत. तिशी ओलांडल्यावर गावाकडे शहापूरला हायवेलगत स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं, तेव्हा ध्यानात आलं की आपल्याला रंग मारताच येत नाही.

कोंढा गावच्या मामाला हे सांगितलं. मामा पोस्टातून रिटायर झालेला. त्याची जुनी पांढरी गाडी अंगणात उभी असायची. दरवाजे गंजलेले, हेडलाइट पिवळे पडलेले. उजेड पुरत नाही म्हणून दिवस मावळल्यावर तो ती काढतच नसे.

"हिच्यावर शिक ना," मामा म्हणाला. "अजून काय बिघडन हिचं?"

मित्राचा कॉम्प्रेसर आणि गन घेऊन गेलो आणि डाव्या दरवाजापासून सुरुवात केली. पहिलाच हात ओघळला. शेजारी धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती, तिथला भुसा उडून ओल्या रंगावर चिकटला. मी सगळं घासून काढलं, पुन्हा मारलं, पुन्हा ओघळला. मामी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिसऱ्या वेळी तिला राहवलं नाही.

"कडेवर हात काहून थांबवतं रे? आम्ही सारवताना हात कडेच्या बाहेर नेतो अन् मंग वापस आणतो. थांबला का तिथंच थर बसते."

"मामी, हा रंग आहे, शेण नाही."

"हात तर हातच आहे ना?"

मला जरा रागच आला. पण तिनं उठून अंगणात पाणी शिंपडलं, धूळ बसवली आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग मी तसं करून पाहिलं. हात दरवाजाच्या पार बाहेर नेला, अर्धा पट्टा झाकत दुसरा पट्टा मारला. रंग जागचा हलला नाही. चार वर्षांत उस्तादांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी हेडलाइटला हात घातला. तोवर मी हवेत होतो. जाडा पेपर घेऊन कोरडंच घासलं आणि काच दुधासारखी पांढरी झाली. मामानं काचेवरून बोट फिरवलं.

"मले वाटते, पिवळीच बरी होती," तो हळूच म्हणाला.

मग बारीक पेपर घेतला, त्याहून बारीक, मग अगदी मऊ. मामी लोट्यानं पाणी सोडत होती, मी एकाच दिशेनं घासत होतो. दुपारी पॉलिशचं कंपाउंड लावून फडक्यानं चोळलं आणि काच निवळली. मामानं वाकून आत डोकावलं.

"अंदरचा बल्ब दिसून राहिला ना बे!"

भर उन्हात त्यानं लाइट लावून पाहिले. नवा रंगवलेला दरवाजा बाकी गाडीपेक्षा जास्तच पांढरा दिसत होता, पण ते त्याच्या गावीही नव्हतं.

मग बाकीची गाडीही रंगवली आणि शेवटच्या, आठव्या दिवशी पेट्रोलच्या टाकीचं झाकण तेवढं उरलं होतं. मी गन मामीपुढे धरली. तिनं पदर खोचला, श्वास रोखला आणि एका दमात हात पार बाहेर नेला. कुठेही ओघळ नाही. मामा म्हणाला, "आता मी मोठा भोंगा लावून गावाले सांगतो." झाकण वाळेपर्यंत मामी तिथून हलली नाही, कोंबड्या हाकलत उभी राहिली.