बंटी घाण का खायचा ते मला ठाऊक होतं

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही. शाळा चौथीतच सुटली. चुका दिसतील, त्याची आधीच माफी मागते. हे मी आजवर नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो. तुम्ही समोर नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

गोष्ट एका कुत्र्याची आहे. हसू नका. म्हणजे — कुत्र्याची नाही, माझी आहे.

तेव्हा मी सिडकोत एका घरी कामाला होते. साहेब कॉलेजात शिकवायचे, वहिनी बँकेत जायच्या. एकच मुलगी, रेवा, तिसरीत. तिने हट्ट धरला म्हणून कुत्रं आणलं. पांढरंशुभ्र, झुपकेदार शेपटीचं. नाव बंटी. सकाळी सगळे बाहेर पडताना त्याला मागच्या गॅलरीत कोंडायचे. मी किल्लीने दार उघडून दहाला आत जायचे, तोवर त्याने गॅलरी घाण केलेली असायची. ती कुणी काढायची? मला कुणी विचारलं नाही. वहिनी म्हणाल्या, "मंदा, कुत्र्याचे तीस रुपये वेगळे देईन हं महिन्याला." संपलं.

मला राग आला होता. माझा चहाचा कप त्या घरात खिडकीत वेगळा पालथा असायचा. कुत्र्याने रेवाचं तोंड चाटलेलं मात्र चालायचं. हे कारण म्हणून सांगत नाही, राग कुठला होता तेवढं सांगते. राग वहिनींवर होता. वहिनींना एक शब्द बोलायची माझी छाती होती का? नव्हती. मग ज्याला बोलताच येत नाही, त्याच्यावर काढला.

खराट्याने मारलं. पहिल्या दिवशी एकदा. मग रोज. मान धरून त्याचं नाक घाणीत घासलं. असं केलं की कुत्रं शिकतं, असं आमच्या गल्लीत सगळेच म्हणायचे. शिकतं — पण काय शिकतं?

महिन्याभरात गॅलरी स्वच्छ सापडायला लागली. मला वाटलं, आला ताळ्यावर. मग एक दिवस मी लवकर गेले. बंटी नुकताच घाण करून उठला होता. दारामागचा खराटा माझ्या हातात दिसला मात्र, तो गर्रकन फिरला आणि ती घाण खायला लागला. घाईघाईने. गिळताना ठसका लागत होता, तरी डोळे माझ्या हातावर.

मला त्याच क्षणी कळलं. मार कशापायी बसतो ते त्याने ओळखलं होतं आणि ते नाहीसं करत होता. चौथी शिकलेल्या बाईला कळण्यासारखंच होतं ते.

आणि मी काय केलं? मला बरं वाटलं. माझं काम वाचलं होतं. गॅलरीत बादलीभर पाणी टाकलं आणि जाताना खराटा आतल्या बाजूला, त्याला दिसेल असा उभा करून ठेवला. रोज. जी घाण मी काढली नाही, तिचे तीस रुपये मी सात महिने हात पुढे करून घेतले.

मग एका सुट्टीच्या दिवशी वहिनींच्या नणंदेने त्याला खाताना पाहिलं. त्याच तोंडाने त्याने सकाळी रेवाचा गाल चाटलेला. घरात उलट्या, ओरडा, डेटॉलचा वास.

"अगं, उपाशी ठेवता का त्याला?" नणंद म्हणाली.

"उपाशी? दूध-पोळी खातो, अंडं खातो. माझ्यापेक्षा जास्त खातो तो," वहिनी म्हणाल्या.

मग उपाय सुरू झाले. जंताच्या गोळ्या. कुणी सांगितलं म्हणून अननसाच्या फोडी. घाणीवर मिरचीपूड टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी टाकली. त्याने मिरचीसकट खाल्लं. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, तरी खाल्लं. मी उभी राहून बघितलं. अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी साहेब म्हणाले, "हे सुटलं नाही तर लांब, लासूर गावाच्या पुढं नेऊन सोडतो." रेवा त्या रात्री जेवली नाही.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात वहिनी, रेवा आणि मी गेलो. मी कुत्रं धरायला. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी दात बघितले, पोट दाबलं. "पेट में कुछ नहीं है, बाई. भूखा भी नहीं है." असं म्हणून त्यांनी चष्मा काढायला हात वर केला — आणि बंटीने माझ्या लुगड्यावर मुतून टाकलं.

डॉक्टर थांबले. "इसको मारता कौन है? घाण दिसली की मार बसतो, म्हणून हा दिसूच देत नाही."

"आमच्याकडं त्याला कुणी बोट लावत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. नुसतंच.

मी म्हणाले, "रेवाताई मारती कधी कधी. खेळता खेळता. खराट्यानं."

इतकं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

"मी नाही मारत," रेवा म्हणाली. वहिनींनी तिला तिथंच डॉक्टरांसमोर थोबाडीत दिली. रेवा रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी आता खरं सांगेन, याची वाट बघत होती. आठ वर्षांची पोर. मी मान खाली घालून कुत्र्याचा पट्टा सारखा केला.

डॉक्टरांनी उपाय सांगितला, तो सोपा होता. मारायचं नाही, ओरडायचं नाही. खाल्लं की लगेच बाहेर न्यायचं. बाहेर केलं की शाबासकी द्यायची, बिस्किटाचा तुकडा द्यायचा. घरात केलंच तर त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन गुपचूप उचलायचं. "दो महिने लगेंगे. सब्र रखो."

त्या दिवसापासून मी हात उगारला नाही. पश्चात्ताप झाला म्हणून? नाही. डॉक्टरला एका नजरेत कळलं होतं, पुन्हा न्यायचं होतं, म्हणून. खराटा मी गच्चीवर टाकला. पदराच्या गाठीत बिस्किटं बांधून त्याला फिरवलं. दोन महिन्यांत त्याची ती सवय सुटली.

आता बघा काय झालं. कुत्रं सुधारलं आणि माझं खोटं खरं ठरलं. "रेवानं मारायचं सोडलं आणि बंटी सुधारला," वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायच्या. "दिसते गरीब, पण हात बघा तिचा." रेवा पहिल्या पहिल्यांदा म्हणायची, मी नव्हते मारत. मग म्हणायचं सोडलं. मग तिने बंटीला हात लावणंच सोडलं. तो तोंडात चेंडू घेऊन तिच्यापुढे उभा राहायचा आणि ती दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायची. ज्या पोरीने हट्टाने त्याला आणलं, ती. तो मग माझ्याकडे यायचा, शेपूट हलवत. त्याने मला माफ केलं असं कुणी म्हणू नये. तो बिस्किटाला शेपूट हलवत होता.

मी त्या घरी पुढे कितीतरी वर्षं काम केलं. वहिनी चांगल्या वागल्या. पुढे तो वेगळा कपही गेला. बंटी म्हातारा होऊन मेला. मला सांगायला रोज वेळ होता. रोज मी भांडी घासून घरी आले.

रेवाच्या लग्नाचं मला आग्रहाने बोलावणं होतं. ती शालू सावरत खाली वाकली, माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं. नवऱ्याला म्हणाली, "या मंदामावशी. आमच्या बंटीला बिस्किटं द्यायच्या, त्या."

तो हसला. "आणि तू त्याला मारायचीस, म्हणे?"

"हो," रेवा म्हणाली. "लहान होते ना. मला आता आठवतही नाही."

मी तोंड उघडलं. मागून माणसं सरकत होती, फोटोवाला बाजूला व्हा म्हणत होता. मी बाजूला झाले.

आहेराच्या टेबलाशी वहिनींची नणंद बसली होती. मी पाकीट दिलं. तिने नोटा बाहेर काढल्या आणि म्हणाली, "अगं मंदा, दोनशे दहा? वरचा रुपया राहिला की. असा आहेर करतं का कुणी?"

"तेवढेच आहेत," मी म्हणाले.

तिने स्वतःच्या पर्समधून एक रुपया काढून वर ठेवायला घेतला. मी तिचा हात धरला. तिने माझ्याकडे विचित्र बघितलं, रुपया परत ठेवला आणि वहीत माझ्या नावापुढे दोनशे दहा लिहिले. महिन्याचे तीस, सात महिन्यांचे पुरते.