गाळलेलं प्रात्यक्षिक

"संगणक 'जमलं' म्हणाला म्हणजे त्याला उत्तर सापडलं असं नव्हे, त्यानं शोधायचं थांबवलं, एवढंच."

हे वाक्य उतारसरांनी किती वर्गांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ते सिम्युलेशन आणि ऑप्टिमायझेशन शिकवत. म्हणजे कारखाना उभारण्याआधी तो संगणकात उभारून बघायचा, आणि कमीत कमी वाफेत, कमीत कमी लोखंडात काम कसं भागेल ते हुडकायचं. फळ्यावर ते डोंगर काढत आणि त्यात डोळे बांधलेला एक माणूस सोडत. "पायाला उतार लागतोय तोवर हा चालणार. उतार संपला की बसकण मारणार आणि म्हणणार, पोचलो! पलीकडे याहून खोल दरी असेल, त्याच्या बापाला ठाऊक?" त्यावरून पोरांनी त्यांचं नाव उतारसर ठेवलं. घरी बायको म्हणे, "अहो, तो डोळे बांधलेला माणूस माझ्या चांगला ओळखीचा आहे. एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसकण मारून आहे."

निवृत्तीला तीन महिने राहिले असताना विभागप्रमुखांनी त्यांना बोलावून एक पत्र पुढं सरकवलं. पत्र एका औषध कारखान्याचं होतं. तिथं वापरलेल्या अल्कोहोलमधलं पाणी काढून टाकायला एक नवा कॉलम, म्हणजे मिश्रण उकळून वेगळं करणारा मनोरा, उभारला होता, चार मजली उंच. नव्व्याण्णव टक्के शुद्ध अल्कोहोल मिळणार असं गणित सांगत होतं. प्रत्यक्षात सत्त्याऐंशीच्या पुढं काटा हलेना. वाफ वाढवली, महिना घालवला, काटा ढिम्म. गणित करणारा इंजिनिअर याच विभागाचा माजी विद्यार्थी. त्याला घरी बसवलं होतं. त्यानं वापरलेली फाइल कॉलेजातल्या प्रात्यक्षिकाची होती. कारखाना विचारत होता, तुमच्याकडे असंच शिकवतात का?

"आयत्या बिळावर नागोबा," विभागप्रमुख म्हणाले. "सहा वर्षांपूर्वीची फाइल, जशीच्या तशी उचलली! आणि तुम्ही तर सर, दोन पायऱ्यांत शिकवता ना?"

"हो," सर म्हणाले.

दोन पायऱ्या खऱ्याच होत्या. अल्कोहोल आणि पाणी एकमेकांना असे धरून बसतात की एका ठरावीक टक्क्यापुढं, इथं सत्त्याऐंशीपुढं, नुसत्या उकळण्यानं सुटत नाहीत. पण हे खरं मिश्रण एकदम घातलं, तर जुने संगणक गोते खात, पडदा लाल होई आणि पन्नास मिनिटांचा तास हातचा जाई. म्हणून सरांनी फाइल बनवली होती. सातव्या प्रात्यक्षिकात दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही असं धरायचं. आदर्श मिश्रण. पडदा हिरवा झाला, म्हणजे संगणक 'जमलं' म्हणाला, की ते उत्तर पहिला अंदाज म्हणून हाताशी ठेवायचं आणि आठव्यात खरं मिश्रण घालून पुन्हा शोधायचं. घर बांधताना बाहेरून बांबूच्या पराती बांधतात, तसं ते पहिलं उत्तर. घर झालं की पराती सोडायच्या. इथं पोरगं पराती हेच घर समजून राहायला गेलं होतं.

"मग एवढंच लिहून द्या," विभागप्रमुख म्हणाले. "दुसरी पायरी अभ्यासक्रमात आहे आणि शिकवली जाते. आपले हात मोकळे. आणि हो, प्रयोगशाळेला तुमचं नाव द्यायचं नक्की झालंय. पाटी रंगवायला टाकली. अशा वेळी उगाच शिंतोडे नकोत."

सरांनी लिहून दिलं. खाली सही केली.

मग ते दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेले. तीस संगणकांतले बावीस चालू, खिडक्या रंगानं चिकटून बंद. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटातून त्यांनी सहा वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. पान उलटायच्या आधीच त्यांना माहीत होतं. आठव्या प्रात्यक्षिकावर लाल शाईची तिरपी रेघ, शेजारी त्यांच्याच अक्षरात 'वेळेअभावी गाळले', खाली सही. त्या वर्षी सत्र आखडलं होतं, बारांतली दोन प्रात्यक्षिकं कापायची होती. एक हे कापलं. "वर्गात तोंडी सांगीन," असं ते स्वतःला म्हणाले होते. सांगितलं होतं का? आठवेना. पुढल्या वर्षी ते आपोआपच गळलं. गळलेल्या दाताच्या जागी जीभसुद्धा जाईनाशी झाली. फाइल मात्र एका तुकडीकडून दुसरीकडे हिरव्या पडद्यानिशी चालत राहिली.

खाली हजेरी होती. एक्केचाळीस नंबर, त्याच पोराचा. झालेल्या प्रात्यक्षिकांचे दहाही रकाने भरलेले. पोरगं एक दिवससुद्धा चुकलं नव्हतं.

शुक्रवारी कारखान्याचे अधिकारी यायचे होते. सर जिना चढत होते, तर वरच्या पायरीवर तोच माजी विद्यार्थी बसलेला. सव्वीस-सत्तावीसचा झाला होता. लांबच लांब हात गुडघ्यांभोवती गुंडाळलेले, दाढी वाढलेली.

"काय रे लांब्या," सर म्हणाले. वर्गात त्याला सगळे लांब्याच म्हणत.

तो धडपडून उठला. "सर, माफी मागायला आलोय. तुमचं नाव खराब केलं मी."

"घरी काय म्हणतात?"

"आई म्हणते, पास कसा झालास रे तू?" तो हसला, पण ते हसू ओठांतच मेलं. "बाबा बोलतच नाहीत. ते त्या कारखान्यात फिटर होते ना, त्यांच्याच ओळखीच्या लोकांनी कॉलम उभा केला. आता रोज खालून वर बघतात म्हणे, आणि हसतात."

सरांनी हातातली पिशवी मागं घेतली.

"दुसरी पायरी तुम्ही शिकवली असणारच," लांब्या म्हणाला. "मीच त्या दिवशी आलो नसणार. खूप आठवून बघितलं, सर. आजारी होतो की कुठं उंडारत होतो, काही आठवत नाही. एकच दिवस बुडवला असेन, आणि तोच नेमका हा."

सरांनी तोंड उघडलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "चल. वाट बघत असतील."

विभागप्रमुखांच्या खोलीत टेबलाला काच होती आणि काचेखाली जुन्या तुकड्यांचे फोटो. अधिकारी थकलेला, सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "आम्हाला कुणाला फासावर द्यायचं नाही हो. माणसाची चूक की शिक्षणाची, एवढं कळलं की फाइल बंद करतो. माणसाची असेल तर त्याला परत घेता येणार नाही, इतकंच."

"माणसाची," विभागप्रमुख म्हणाले आणि सरांचा कागद वाचू लागले. "दुसरी पायरी अभ्यासक्रमात आहे आणि शिकवली जाते."

लांब्या मान डोलावत होता. आपल्याविरुद्धच्या प्रत्येक शब्दाला, वर्गात डोलवायचा तशीच. ती मान सरांना बघवेना. नोंदवही बरोबर आणलेली नाही असं ते मघापासून स्वतःला बजावत होते, पण ती पिशवीत होती. सकाळी त्यांनीच ती घातली होती.

"आठवं प्रात्यक्षिक, म्हणजे हीच दुसरी पायरी," अधिकारी लिहून घेत म्हणाला. "आणि हे म्हणतात, त्या दिवशी ते गैरहजर होते. बरोबर?"

"बरोबर," लांब्याच म्हणाला.

सरांनी पिशवीतून नोंदवही काढली. काचेवर, फोटोंवर, ती उघडली आणि अधिकाऱ्याकडं फिरवली. लाल रेघेवर बोट ठेवलं. ते बोट मग खाली, हजेरीवर आलं आणि एक्केचाळीसपाशी थांबलं.

"सर, हे काय?" विभागप्रमुख अर्धवट उठले. "हे जुनं आहे, हे काही अधिकृत..."

अधिकाऱ्यानं चष्मा लावला आणि ओळ दोनदा वाचली. पेनाचं टोपण घातलं. लांब्या त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. आधी त्याला समजलं नाही. मग त्याचे ओठ हलले, एकापासून दहापर्यंत रकाने मोजल्यासारखे.

"म्हणजे..." तो सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. आधार काढून घेतल्यासारखा तो उभा होता. "म्हणजे मी आलो होतो, सर?"

विभागप्रमुख काहीतरी म्हणत होते, पाटीविषयी, एकतीस वर्षांविषयी. सरांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत घेतली, खुर्ची टेबलाखाली सारली, आणि कुणाकडेही न बघता दार ओढून बाहेर पडले.