कवड्यांच्या ओळी आणि सुनेची तोंडी परीक्षा

तुळजापुरात आमचं कवड्यांच्या माळांचं दुकान, त्यामुळं घरात कवड्यांचे डबेच्या डबे. सून कॉम्प्युटरचं शिकती, सोलापूरच्या कॉलेजात. मीच मागं लागून घातलं तिला. तोंडी परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा बोलावणं आलं, तसं तिचं जेवणावरचं मनच उडालं.

"आत्या, तुम्हाला समजावता आलं तर तिथं बी येईल."

"म्हंजे घरात सगळ्यात मठ्ठ मी, व्हय?"

"तसं न्हाय हो!"

शाळा मला फारशी घडली नाही, पण हौस लई. बसलो डबा उघडून. मजकूर लपवायचा तर संगणक तो शून्य आणि एकच्या ओळीत मांडून फिरवतो म्हणे. आम्ही पालथी कवडी शून्य धरली, उताणी एक. दोन ओळी मिसळायच्या, म्हणजे वरखालच्या कवड्या सारख्या असल्या तर पालथी, वेगळ्या असल्या तर उताणी. फिरवायचं म्हणजे प्रत्येक कवडी एक घर पुढं, शेवटची पहिल्या घरात. आता आधी मिसळून फिरवा, नाहीतर आधी फिरवून मिसळा, ओळ तीच आली पाहिजे. मग फिरवण्याचा तो बदल रेषीय, आणि तेच तिला परीक्षेत सिद्ध करायचं होतं.

तोंड तिचं, हात माझे. बाकी सगळं जुळायचं, पहिलीच कवडी चुकायची. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. पोरीचे डोळे भरले. "माझी सिद्धताच चुकलीय, आत्या." आणि एकदम तिनं माझा हात धरला.

"फिरवून झाल्यावर ही उताणी का केली?"

"देवीची हाय ती! ओळीतली पहिली कवडी पालथी ठेवतेत का आपल्यात?"

हसून हसून आमची पुरेवाट. मग देवीची माफी मागून नीट मांडलं, तर जुळलं. ती म्हणाली, प्रत्येक घर फक्त एका ठरलेल्या घरातलं उचलतंय, म्हणून कुठल्याही दोन ओळी घ्या, जुळणारच. झाली की सिद्धता! मला बी पटलं.

परीक्षा झाली आणि तिचा स्टँडवरून फोन. "सुटले, आत्या! रेषीय नसलेला बदल सांगा म्हणाले. मी म्हटलं, काहीही आलं तरी पहिल्या जागी एक हाच आकडा ठेवायचा. रेषीय बदलात सगळी शून्यं घातली तर सगळी शून्यंच निघतात, इथं निघत न्हाईत. खूश झाले सर."

"देवीची कवडी म्हणून सांगितलंस का?"

"न्हाय बाई."

"सांगायचं की गं!"

संध्याकाळी दुकानात माळेसाठी तिनं कवड्या मांडल्या. पहिली उताणी ठेवली, माझ्याकडं बघितलं, आणि दोघींचं हसणं परत सुरू.