आठ वाजले, पण कुठले?

यांना पिंपरीच्या औषध कारखान्याने शिकायला लंडनला पाठवलं, तेव्हा आमचं लग्न होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आम्ही कासारवाडीला राहत होतो. घरात मी आणि सासूबाई. निघताना यांनी एका कागदावर लिहून दिलं : मुंबईहून गुरुवारी सकाळी आठला विमान सुटेल, शुक्रवारी सकाळी आठला लंडन.

"म्हंजी एक दिस," सासूबाई म्हणाल्या. "त्यो उतरंपतुर मी अन्नाला शिवायची न्हाई."

गुरुवारी संध्याकाळी मी स्टेशनमास्तरांना तो कागद दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "हे उतरायचे आठ तिथले. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं." मी मान हलवली, घरी आले, आणि वाटेतच घोळ झाला. मागं म्हणजे मिळवायचे की वजा करायचे? मिळवले तर विमान दुपारी दीडला उतरणार. वजा केले तर पहाटे अडीचलाच उतरून मोकळं.

शुक्रवारी आठला सासूबाईंनी ताट घेतलं. मी म्हटलं, "आत्याबाई, थांबा. आपले आठ वाजलेत. तिथं आत्ता पहाटेचे अडीच असणार."

त्या हातातल्या भाकरीकडे बघत राहिल्या. "मग त्यो अजून रातीतच हाय?"

"तसं नाही. ते वाटेत आहेत."

"वाटंत किती वाजल्यात?"

त्यांनी भाकरी परत टोपलीत ठेवली. दहाच्या सुमाराला त्या भिंतीला टेकून बसल्या, चेहरा उतरलेला. माझा धीर सुटला. माझाच हिशोब उलटा असेल, तर म्हातारीला मी उगाच उपाशी ठेवलं होतं.

"जेवा तुम्ही. पोचले असतील."

"मगाशी न्हाई म्हनलीस."

"चुकले असेन."

त्या जेवल्या. मी मात्र दीड वाजेपर्यंत थांबले, आणि मग जेवले.

शनिवारी संध्याकाळी तार आली. इंग्रजी होती, म्हणून पुन्हा मास्तरांकडे गेले. त्यांनी वाचून सांगितलं : वाटेत कैरोला एंजिन बिघडलं, शुक्रवारी रात्री आठला सुखरूप पोचलो. म्हणजे सासूबाई जेवल्या तेव्हाही हे पोचले नव्हते, आणि मी जेवले तेव्हाही नाही. मला एकदम भूक लागल्यासारखं झालं, नि लाजही वाटली.

घरी येऊन सांगितलं, "सुखरूप पोचले."

सासूबाईंनी हात जोडले. "कवा?"

"शुक्रवारी."

त्यांनी थोडा विचार केला. "आपल्या शुक्रवारी, का त्यांच्या?"

मी बोटं मोजायला लागले. रात्रीचे आठ, त्यात साडेपाच मिळवले की आपला शनिवार लागत होता. पण मिळवायचेच होते ना? मी म्हटलं, "मास्तरांना विचारून येते." त्या म्हणाल्या, "राहू दे, पोचला न्हवं."