मधल्या नावाची जागा

सहार विमानतळावर आई रडली नाही. दारातल्या पोलिसानं माझा पासपोर्ट बघितला, मी आत पाऊल टाकलं आणि तिनं मागून हाक मारली. "दिवस गेले की लगेच कळव गं! पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मी न्यायला येईन." जशी काही मी नाशिकहून सिन्नरला निघाले होते. रांगेतली माणसं हसली, मलाही हसू आलं. नव्या नवरीची लाज वाटली ती वेगळीच. त्र्याऐंशी साल होतं. हे चार महिने आधी इंग्लंडला, लेस्टरच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून रुजू झाले होते आणि मी पहिल्यांदा विमान बघत होते.

आई न्यायला आली नाही, येणं शक्यच नव्हतं. मला दिवस गेले तेव्हा ब्लड प्रेशर इतकं चढलं की डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये दोन खोल्या, एक हीटर आणि ह्यांच्या रात्रंदिवस ड्यूट्या. डोहाळे लागले ते ओल्या नारळाच्या करंज्यांचे, आणि मिळत होते फिश अँड चिप्स. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांत कोथिंबीर तरी मिळायची. बसमध्ये ती पिशवीत नाक खुपसून हुंगायची मी. तिकडे सगळ्यांना वाटायचं, काय मज्जा आहे हिची! मीही पत्रात मज्जाच लिहायची. खरं लिहून आईची झोप कशाला उडवायची?

मुलगा झाला. मिडवाइफनं विचारलं, "नेम?" मी म्हटलं, अजून नाही. तिला नवल वाटलं. आता तिला कसं सांगायचं की आमच्यात आईबाप नाव सुचवतात, पण ठेवते आत्या, आणि तेही बाराव्या दिवशी, पाळण्यात वाकून, कानात कुर्रर्र करून. मधलं नाव तर कुणी ठेवतच नाही, ते असतंच. पोर पोटात असल्यापासून बापाचं नाव त्याच्या पाठीशी उभं असतं.

वन्सं साताऱ्याच्या शाळेत शिक्षिका होत्या. वार्षिक परीक्षा संपेपर्यंत त्यांना रजा मिळेना. एकुलती एक आत्या, तिच्याशिवाय बारसं कसलं? सासूबाई फोनवर म्हणाल्या, "थांबा की थोडं. पोर कुठं पळून जातंय?" आम्हालाही पटलं. माहेरचं, सासरचं कुणीच नव्हतं जवळ. निदान बारसं तरी रीतसर व्हावं, असं फार वाटायचं. तोवर तो सोन्या होता, बबड्या होता, ह्यांच्यासाठी साहेब होता. मी मनात नाव ठरवून टाकलं होतं. मिहिर. त्या वर्षी मार्च संपत आला तरी ऊन म्हणून दिसलं नव्हतं, म्हणून सूर्याचं नाव सुचलं असेल. पण बारशाआधी नाव तोंडातून काढू नये असं आई म्हणायची. मी ते ह्यांनासुद्धा सांगितलं नाही.

तो झोपेत गेला. सकाळी दुपट्यात हात घातला तर गार. इथे त्याला कॉट डेथ म्हणतात. कारण विचारलं की कारण सापडत नाही एवढंच सांगतात. पोलीस आला, त्याला विचारपूस करावीच लागते. तोही बिचारा टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. मी किती रडले, कुणाला काय बोलले, मला आठवत नाही. ज्याला बघावं त्याचा राग येत होता एवढं आठवतं.

जन्माची आणि मृत्यूची नोंद हे एकाच दिवशी करून आले. रजिस्ट्रारनं नाव विचारलं, तर हे म्हणाले, ठेवलंच नाही अजून. मग त्या बाईंनी नुसतं आडनाव लिहिलं. पोतनीस. मधे ह्यांचं नाव घालायचं, तर पुढे कुणीतरी हवं ना! हे मला एवढंच म्हणाले, "पुढची जागा रिकामी राहिली गं." तेव्हा मी त्यांना नाव सांगितलं. हे खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. आधी का नाही सांगितलंस, असं एकदाही म्हणाले नाहीत.

तान्ह्या मुलाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत. इथल्याच दफनभूमीत, कोपऱ्यातल्या एका छोट्या वाफ्यात तो आहे. तिकीट काढलेलं होतं म्हणून वन्सं ठरल्या दिवशी आल्या. आल्या त्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, परीक्षा काय, दरवर्षीच असतात हो."

दोन वर्षांनी केदार झाला. वॉर्डमध्ये शेजारच्या खाटेवर एक इंग्लिश बाई होती. ती बाळाच्या मधल्या नावात तिच्या वारलेल्या भावाचं नाव घालत होती. मला म्हणाली, तेवढंच आमच्यासोबत राहील तो. मी विचारलं, म्हणजे मधे कुणाचंही नाव घालता येतं? ती हसली, म्हणाली, ऑफ कोर्स, लव्ह! मी दिवसभर छताकडे बघत पडले होते. माझ्या मिहिरला कुणी म्हणजे कुणीच कधी नावानं हाक मारली नव्हती. मला त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं हवं होतं. पण त्या जागेवर तर बाप बसलेला असतो.

संध्याकाळी हे आले तेव्हा भीत भीत विचारलं. हे बराच वेळ केदारची मूठ सोडवत, मिटवत बसले. मग म्हणाले, "मी काय, आहेच की त्याच्यासमोर. घाल."

सासूबाईंना फोनवर सांगितलं आणि वणवाच पेटला. "बाप धडधाकट जिवंत असताना पोराच्या नावापुढे दुसऱ्याचं नाव? लोक काय समजतील? आणि गेलेल्याचं नाव जिवंत पोराला कशाला चिकटवता रे? शोभतं का हे?" त्या वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. पण ह्यांनी, आईपुढे कधी चढ्या आवाजात न बोललेल्या माणसानं, फोनमध्ये ओरडून सांगितलं, "आई, तोसुद्धा माझाच आहे!" पलीकडे त्या रडायला लागल्या आणि लाइन कटली.

बारसं ह्या वेळी बाराव्या दिवशीच केलं. शेजारच्या हंसाबेनला आत्या केलं. तिनं गुजराती हेल काढून कुर्रर्र केलं आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच रडली. केदार मिहिर पोतनीस. इंग्रजांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या माणसांना मात्र दरवेळी वाटतं.

तिकडचे तुम्ही सगळे पत्रात विचारता, परत कधी येणार? ह्यांना एडिनबराला चांगली जागा मिळत होती, तिथेसुद्धा आम्ही गेलो नाही. माझ्यासारख्याच इकडे आलेल्या मैत्रिणी म्हणतात, घर तिकडे ते तिकडेच, इकडे नुसता मुक्काम. मीही तसंच म्हणायची. आता नाही म्हणवत. पोराला मातीत ठेवून निघायचं कसं, ते कुणीतरी सांगा, मग बघू. नाशिकची आठवण येते, आई गेल्यापासून जास्तच येते. पण आता घर हेच.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत केदारला चित्रकलेचं बक्षीस मिळालं. नव्यानेच आलेल्या एका बाईंनी माइकवर त्याचं पूर्ण नाव पुकारलं. मग आपल्या रीतीप्रमाणे मधलं नाव बापाचं धरून, सभागृहभर नजर फिरवत त्या म्हणाल्या, "मिहिरराव आलेत का? मिहिरराव, तुम्हीही या ना वर!"

आता उठून चूक सांगायची, मग सगळी कहाणी सांगायची. तोवर हे उठलेसुद्धा. "आलो, आलो," म्हणत वर गेले, फोटोला उभे राहिले, खाली आल्यावरही ओळख नसलेले लोक मिहिरराव, मिहिरराव करत होते आणि हे सगळ्यांना नमस्कार करत होते.

गाडीत केदारनं मागून त्याच्या मोडक्या मराठीत विचारलं, "बाबा, तुझी नाव मिहिर नाही, मग तू येस का म्हणाला?"

हे रस्त्याकडे बघतच म्हणाले, "दादाला पहिल्यांदाच कुणीतरी एवढ्या मोठ्यानं हाक मारली रे. कुणीतरी ओ द्यायला नको?"